इंत्रुज

कार्निव्हल पाहायला गोव्याला जातो, असे घरी सांगितले तेव्हा वडिलांनी वर्तमानपत्रातून डोके वर काढून माझ्याकडे असे पाहिले की, जणू मी फेणीच्या पिंपातच उडी घ्यायला निघालो होतो. आईने मात्र एवढेच विचारले, "त्याच्याकडेच उतरणार ना?" मी मान हलवली. प्रश्न साधाच होता. पण मला तो टोचला.

'तो' म्हणजे माझा शाळासोबती. सावंतवाडीत पाचवीपासून दहावीपर्यंत आम्ही दोघे एका बाकावर बसलो. त्याची आई वाडीची. वडील तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. ते सुटीवर आले की चॉकलेटांचा मोठा डबा यायचा आणि त्यातला निम्मा वाटा माझा, हा नियम त्यांनीच घालून दिलेला. दहावीनंतर ती मंडळी आपल्या मूळ गावी, सासष्टीतल्या चांदरला राहायला गेली. आधी वर्षभर फोन, मग सणासुदीचे संदेश, मग तेही नाहीत.

२०२३ च्या ऑक्टोबरात त्याचा मोबाइलवर एक ओळीचा संदेश आला. पप्पा गेले. मी तो वाचला. काय लिहावे सुचेना, म्हणून 'संध्याकाळी लिहू' म्हटले. संध्याकाळची सकाळ झाली, आठवड्याचा महिना झाला. मग इतक्या उशिरा लिहायचे तरी कसे, ही नवीच अडचण उभी राहिली! सव्वा वर्ष असेच गेले. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत, काही घडलेच नाही अशा आवाजात त्याचाच फोन आला, "इंत्रुजाक येतंस मां? मे म्हयन्यात मी बोटीर जातंय."

१ मार्चला, शनिवारी, एस.टी.ने बांदा, पत्रादेवी, म्हापसा करीत दुपारी पणजीला पोचलो. स्टँडवर तो उभा होता. खांदे रुंदावलेले, मिशी फुटलेली, हसणे मात्र तेच. मी बसमध्ये दोन वाक्ये घोकून ठेवली होती. पण त्याने माझी पिशवी काढून घेतली, डोक्याला हेल्मेट चढवले, आणि ती वाक्ये हेल्मेटच्या आतच राहिली.

मांडवीच्या काठी मिरवणूक सुरू झाली होती. किंग मोमो म्हणजे या चार दिवसांचा राजा. खा, प्या, मजा करा, हे त्याचे फर्मान. रविवारी मडगाव, सोमवारी वास्को, मंगळवारी म्हापसा अशी त्याची स्वारी फिरते. बुधवारी कपाळाला राख लावायची आणि ईस्टरपर्यंत चाळीस दिवसांचा उपवासाचा काळ पाळायचा. त्याआधीचा हा शेवटचा उधळा कारभार. मुखवटे, पिसांचे मुकुट, ब्रास बँड, मासळीच्या होड्यांचे चित्ररथ आणि त्यांच्यामागोमाग कुठल्या तरी मालाची जाहिरात करणारे चित्ररथ! पोर्तुगीज गेल्यानंतर साठच्या दशकात या मिरवणुकीला आजचे रूप आले. मला ती आवडली, खोटे कशाला बोलू? मी गर्दीत नाचलोसुद्धा. तो बाजूला उभा राहून सोडा पीत होता.

"तुला नाही आवडत?" मी ओरडून विचारले.

"आवडता. पण ह्यो कार्निव्हल. इंत्रुज सोमवारी बघ," तो म्हणाला.

रात्री चांदरला पोचलो. दारातच आंटींनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्यांच्या मागे भिंतीवर वडिलांचा फोटो होता. खाली लहानसा दिवा. मी फोटोकडे पाहतो आहे हे त्यांनी पाहिले आणि हळूच विचारले, "पप्पा गेलो तें तुका कोणें सांगूंक ना रे पुता?"

मी म्हटले, "नाही आंटी. मला फार उशिरा कळलं."

तो माझ्या शेजारीच उभा होता. काही न बोलता माझी पिशवी घेऊन आत गेला.

रविवार त्यांच्या घरच्या माणसांत आणि खाण्यात गेला. तो गोड होता, पण मला गोड लागला नाही, एवढेच लिहितो. सोमवारी दुपारी सोरपोतेल आणि सान्ना होत्या. त्या दिवशी विनायकी चतुर्थी होती हे मला तिसऱ्या सान्नानंतर आठवले. (हे वाक्य आईने वाचू नये.)

चांदर म्हणजे जुने चंद्रपूर. भोजांची आणि पुढे कदंबांची राजधानी. ज्या भागाला आजही कोट म्हणतात, तिथे १९२९ साली फादर हेरास यांनी उत्खनन केले आणि शिवमंदिराचा पाया सापडला. त्या जागी मस्तक नसलेला एक दगडी नंदी आहे. उन्हे उतरल्यावर मित्राने मला तिथे नेले. नंदीच्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला, "पप्पा म्हणायचे, हेका तोंड नाय म्हणान ह्यो कोणाक काय सांगणा नाय." हे तो सहज बोलला की मला उद्देशून, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

त्याच कोटात सोमवारी रात्री मुसळखेळ होतो. विजयनगरच्या हरिहर राजाच्या विजयाची ही आठवण, असे गाव मानतो. खेळणारे सगळे ख्रिस्ती, क्षत्रिय म्हणवणारे. आधी चॅपेलसमोर प्रार्थना आणि मग हातात मुसळे! इतिहासाच्या तासाला आपण राजवटी एकीपुढे एक मांडतो, जणू एक गेली की दुसरी आली. इथे त्या सगळ्या एकाच अंगणात पाय आपटीत होत्या.

फाल्गुनाची कोर मावळतीला गेली होती. माझा मित्र बाहेर आला तो धोतर नेसून, डोक्याला पागोटे बांधून. पागोटे वडिलांचे; त्याला ते सैल होत होते. मुसळही वडिलांचेच, मुठीच्या जागी झिजून गुळगुळीत झालेले. २०२४ साली घरात दुखवटा होता, म्हणून खेळ त्यांच्या अंगणात आला नव्हता. त्याआधी या मुसळाला हात लावण्याची त्याच्यावर कधी वेळच आली नव्हती. हे सगळे मला पागोट्याला टाचणी लावता लावता त्याच्या आतेभावाने सांगितले.

घुमट वाजू लागले. मातीच्या घटाला कातडे ताणून केलेले हे वाद्य. २०१९ साली गोवा सरकारने त्याला वारसावाद्य ठरवले. तो मान तर त्याला मिळायलाच हवा होता. पण त्याचा आवाज छातीत कसा शिरतो, हे अंगणात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. मशालींच्या उजेडात माणसे गोल फिरत, गात, एका ठेक्यात मुसळे जमिनीवर मारीत घरोघर चालली होती. आमच्या अंगणात (आमच्या म्हणतो, क्षमा असावी) खेळ उतरला तेव्हा आंटी उंबऱ्यावर उभ्या होत्या. पहिल्या दोन फेऱ्यांत मित्राचा ठेका चुकला. पुढच्या म्हाताऱ्याने मागे न बघता आपले मुसळ थोडे उशिरा टेकवले, त्याच्यासाठी. तिसऱ्या फेरीला सगळी मुसळे एकदम पडली. आंटींनी डोळ्यांना पदर लावला नाही की काही नाही. त्या फक्त प्रत्येक ठोक्याला मान हलवीत होत्या, मोजल्यासारखी.

मध्यरात्र उलटल्यावर विहिरीवर तो पाय धूत होता आणि मी पाणी ओतत होतो.

"तुझा मेसेज मी त्याच दिवशी वाचला होता," मी म्हटले.

"माका म्हायत आसा. खूण दिसता मरे."

"मग काल... परवा आंटींसमोर..."

"माका नको सांगू. तिका सांग," तो म्हणाला. "आणि पाणी वाईच सावकाश ओत. फोड इलो हा."

मंगळवारी सकाळी तो उठायच्या आत मी स्वयंपाकघरात गेलो. आंटी फिलोज करीत होत्या. पिकल्या केळ्यांचे हे घावन इंत्रुजाला हवेतच. मी पाटावर बसलो आणि सांगून टाकले. मला त्याच दिवशी कळले होते. मी लिहिले नाही. परवा खोटे बोललो. घोकलेले एकही वाक्य त्यात नव्हते.

आंटी बराच वेळ तव्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तो निमाणें घरा आयलो तेन्ना डबो हाडिल्लो. तुजो वांटो म्हणून अर्दो दवरिल्लो. मुयो लागल्यो, उडयलो." शेवटच्या खेपेला आणलेला तो डबा, मुंग्या लागल्या म्हणून टाकून दिलेला. हे त्या अगदी सरळ आवाजात बोलल्या. त्यात राग नव्हता, आणि क्षमाही नव्हती.

मग त्यांनी तव्यावरचा घावन माझ्या ताटलीत घातला. "खा. हून आसा."

दाराआड मुसळ उभे होते. त्याच्या टोकाला अंगणातली लाल माती अजून ओली होती.