गाळलेली जागा

माझ्याकडे गाण्याच्या रेकॉर्डी आहेत हे कळलं की माणसं एक प्रश्न हमखास विचारतात. "काय हो, जुन्या रेकॉर्डचा आवाज खरंच चांगला असतो का?" पूर्वी हा प्रश्न आला की मी खुर्ची पुढं ओढून बसायचो. तासाभराची निश्चिंती! हल्ली नाही बसत. का, ते सांगतो.

आमच्या आजोबांकडे साठेक रेकॉर्डी होत्या. सगळ्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. आजोबा सांगलीचे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं ते सांगलीत, 'शारदा' लिहिणारे देवल शेजारच्या हरिपूरचे. तेव्हा सांगलीच्या माणसाला नाटकाचं वेड असणं ही काही मुद्दाम सांगायची गोष्ट नाही. आजोबांनी गंधर्व कंपनीची नाटकं पाहिली होती आणि रेकॉर्डीही बहुतेक बालगंधर्वांच्याच. ते गेल्यावर रेकॉर्डींची वाटणी झाली. अर्ध्या बाबांबरोबर साताऱ्याला आल्या, अर्ध्या आत्याकडे सांगलीतच, गावभागात राहिल्या.

बाबांनी पुढं एलपी जमवल्या. नाट्यसंगीताच्या बऱ्याच. त्यांच्यानंतर ते सगळं माझ्याकडे आलं आणि मी त्या नादाला जरा जास्तच लागलो. मग सीडी आल्या, 'नव्याने संस्कारित' वगैरे लिहिलेल्या. घरच्या रेकॉर्डीवर असलेलं गाणं सीडीवर घ्यायचं आणि दोन्ही एकापाठोपाठ एक लावायची, हा माझा रविवारचा उद्योग झाला.

त्यातून जे कळलं ते असं. जुन्या तबकडीत एक सततची खरखर असते. लाखेत दगडाची भुकटी मिसळलेली असते, सुई तिच्यावर घासत जाते, त्याचा तो आवाज. ही खरखर काढायची तर वरच्या पट्टीतले आवाज कापावे लागतात. पण त्याच पट्टीत सारंगीच्या गजाची धार असते, तबल्याच्या चाटेवरचा टणत्कार असतो, 'स' आणि 'श' म्हणताना जिभेवरून सुटणारी हवा असते. खरखर जाते तेव्हा तीही थोडी जाते. मग कुणीतरी वर थोडा घुमारा चढवतो. सगळं कसं स्वच्छ, धुऊन इस्त्री केल्यासारखं! मला वाटायचं, आपण बालगंधर्वांना नाही, त्यांच्या फोटोला ऐकतोय.

हे भांडण आपल्याकडेच आहे असं नाही. तिकडे ऑपेराचे शौकीन याच्यावरून हातघाईवर येतात. मारिया कॅलासचा १९५३ सालचा 'तोस्का' घ्या. मिलानच्या ला स्काला थिएटरात ध्वनिमुद्रित झालेला. २०१४ मध्ये तिचं स्टुडिओतलं सगळं गाणं लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत मूळ टेपवरून नव्याने काढलं गेलं, तरी पहिल्या छापाची एलपी शोधत फिरणारे आहेतच. पण त्यांच्याकडे निदान टेप आहे. लढाई आहे ती टेप आणि एलपी यांची.

आपल्या जुन्या नाट्यपदांना टेपच नाही. टेप नंतर आली. त्याआधी मेणाच्या तबकडीवर गाणं कोरायचे, त्यावरून धातूचा साचा, आणि साच्यावरून लाखेच्या तबकड्या. साचा हरवला किंवा झिजला की उरते ती कुणाच्या तरी घरात जपलेली तबकडी. म्हणजे मी जिला 'मूळ' म्हणून मिरवत होतो ती बाबांची बालगंधर्वांची एलपीसुद्धा जुन्या ७८ वरूनच काढलेली. तीही एकदा धुतलेलीच. आणि ती ७८ तरी मूळ कशी? रंगमंचावर तेच पद वन्समोअर घेत घेत अर्धा अर्धा तास चाले असं आजोबा सांगायचे. ते तीन मिनिटांत बसवलेलं. मूळ जे होतं ते कंपनीच्या तंबूत आणि थिएटरात वाजलं आणि संपलं.

हे शहाणपण मला होतं. बोलून दाखवायचोही. पण वागणुकीत काही उतरलं नाही, ते आता सांगतो.

ऑगस्ट २०१९. महाबळेश्वर-कोयनेकडे पाऊस कोसळत होता. आमच्या जिल्ह्यात पाऊस पडतो आणि पाणी शिरतं त्यांच्या घरात, हा कृष्णेचा जुना हिशोब. आयर्विन पुलापाशी नदी ५७ फुटांवर गेली. २००५ च्या पुरापेक्षाही वर. आत्याला आणि घरच्यांना आधीच बाहेर काढलं होतं, पण तळमजल्यावरचं सामान राहिलं. त्यात रेकॉर्डींची लाकडी पेटी.

पाणी ओसरल्यावर आतेभावाचा, म्हणजे दादाचा फोन आला. घरात गुडघाभर गाळ, गाद्या, धान्य, कपाटं सगळं गेलेलं. बोलता बोलता म्हणाला, "रेकॉर्डींचे कागद कुजलेत, लेबलं सुटलीत. काळ्या तबकड्या तेवढ्या आहेत. काय करू?" मी मोठ्या तज्ज्ञाच्या आवाजात सांगितलं, "स्पिरिट लावून हलक्या हाताने पूस. मी तसंच करतो."

नंतर महिन्याभराने कळलं की निम्म्या रेकॉर्डी त्याने टाकून दिल्या. मी फोनवर नको नको ते बोललो. "आजोबांची गाणी तू कचऱ्यात घातलीस. तुला त्या मोबाइलमधल्या गाण्यातच आनंद!" असं काहीतरी. तो एवढंच म्हणाला, "बरं." त्यानंतर आमचं बोलणं जवळजवळ थांबलं. लग्नकार्यात समोरासमोर आलो तर "काय, कसं काय," तेवढं. आणि एक गोष्ट मी स्वतःशीही कबूल करत नव्हतो. पुरानंतरच्या त्या महिन्याभरात मी एकदाही सांगलीला गेलो नव्हतो. गाळ त्यांनी उपसला. मी फोन केले.

मध्ये काही वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात आत्याचाच फोन आला. ती आता शहाऐंशीची आहे. "अरे, तुझं ते यंत्र घेऊन ये की एकदा. उरलेल्या तबकड्यांत माझी यमनाची कुठली ते कळत नाही. लेबलंच नाहीत." तिची यमनाची म्हणजे 'स्वयंवर'मधलं रुक्मिणीचं पद. १९१६ चं नाटक, भास्करबुवा बखल्यांच्या चाली. लहानपणी रेकॉर्डीसमोर बसून ती ते शिकली. आमच्या घरातल्या प्रत्येक मंगळागौरीला, डोहाळजेवणाला आत्याचं ते पद ठरलेलं.

निघालो. साताऱ्याहून हायवेला लागलं की नागठाणे लागतं. बालगंधर्वांचं नागठाणे हे नव्हे. ते पलूस तालुक्यात, कृष्णेकाठी. पूर्वी तोही मुलूख सातारा जिल्ह्यातच होता. बाबा दर वेळी हे सांगायचे, म्हणून मलाही दर वेळी आठवतं. कराड, पेठनाका, आष्टा करत दुपारी पोचलो. दादाने दार उघडलं. "ये," म्हणाला.

पंधराएक तबकड्या उरल्या होत्या. जुन्या साडीच्या तुकड्यांत एकेक गुंडाळून ठेवलेल्या. मी बॅटरी घेऊन लेबलाच्या कडेला ठोकलेले नंबर वाचायला लागलो. लेबल गेलं तरी तो नंबर जात नाही. यादी होतीच आजोबांच्या वहीत, ती बाबांनी साताऱ्याला आणली होती. एकेक जुळत गेली. चार तबकड्या मात्र वेगळ्या दिसल्या. चकाकी गेलेली, मध्येच धुरकट पट्टे.

"या अशा कशाने झाल्या?"

दादा थोडा थांबला. मग म्हणाला, "स्पिरिट. फडक्याला काळं यायला लागलं तसा थांबलो. बाकीच्या नुसत्या पाण्याने धुतल्या."

मला एकदम घाम फुटला. सुतार पॉलिश कसं करतो? चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून. हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. एलपी प्लॅस्टिकची, तिला स्पिरिट चालतं. ही लाखेची! आणि मी साताऱ्यात बसून दिमाखात सांगितलं होतं, पूस म्हणून.

"तू बोलला का नाहीस तेव्हा?"

"काय बोलणार? तू आधीच इतका चिडला होतास. आणि टाकल्या त्या तुटलेल्याच होत्या. कपाट पडलं त्यांच्यावर."

आत्या आतून म्हणाली, "झालं का तुमचं? लावा आता."

यमनाची त्या चारांतलीच निघाली. लावायची सुईसुद्धा वेगळी लागते, ७८ ची खाच एलपीच्या जवळजवळ तिप्पट रुंद. सुई ठेवली आणि पहिलं मिनिटभर नुसता धबधबा. आवाज कुठंतरी पलीकडं, जोराच्या पावसात कुणीतरी गावं तसा. मग पट्टा संपला आणि बालगंधर्व जवळ आले. आत्या मांडीवर हात ठेवून ताल धरून बसली होती. मध्यावर एका तानेत सुई उडाली. ही जुनी चीर, आजोबांच्या वेळची. आत्याने मान हलवली. "माझीच," म्हणाली.

मग दादाने तेच गाणं मोबाइलवरून स्पीकरला लावलं. स्वच्छ केलेलं. मी एक शब्द बोललो नाही. त्या तानेपाशी आलं आणि आत्याचा हात थांबला. गाणं संपल्यावर म्हणाली, "परत लाव."

परत लावलं. पुन्हा तिथंच हात थांबला.

"हे इथं होतं होय!"

प्रकार माझ्या लक्षात आला. ७८ ची एक फेरी म्हणजे पाऊण सेकंद. चिरेवरून सुई दोन-तीन फेऱ्या पुढं उडत असणार. म्हणजे दीड-दोन सेकंदांचं गाणं. आत्या पद शिकली ते त्या चिरेसकट. सत्तर-पंचाहत्तर वर्षं ती ते तसंच गात आलीय, तानेचा मधला वळसा सोडून, आणि आम्हीही ते तसंच ऐकत आलोय.

"पण आत्या, रेडिओवर ऐकलं असशील की कितीदा!"

"ऐकलं ना. मला वाटायचं ती दुसरी तबकडी. बाबा म्हणायचे, ते रोज वेगळं गातात." आणि खूप हसली. हसता हसता डोळे पुसले. "त्यांची चूक नव्हती रे. आपल्याच तबकडीत नव्हतं."

संध्याकाळी ती मेथी निवडत होती आणि गुणगुणत होती. मी आणि दादा बाहेर चहा घेत बसलो होतो. त्या जागेपाशी आली, थांबली, नवा वळसा घ्यायचा प्रयत्न केला. श्वास पुरला नाही. पुन्हा मागून सुरुवात केली आणि या वेळी सवयीने उडी मारून पुढं गेली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. किती वर्षांनी, ते काही मोजलं नाही.

तर आता कुणी विचारलं, जुन्या रेकॉर्डचा आवाज चांगला असतो का, तर मी म्हणतो, दोन्ही ऐका. खरखरीबरोबर काहीतरी जातं हे मला अजून पटतं, सारंगीची धार मला सीडीवर अजून सापडत नाही. पण घरच्या रेकॉर्डीत काय नाही, हे घरच्या माणसाला कळत नाही.

धुरकट पट्ट्यांच्या त्या चारांतल्या तीन मी साताऱ्याला आणल्यात. यमनाची आत्याकडेच आहे. दादा त्या मोबाइलवरून तिला रोज ते पद लावून देतो. परवा फोनवर म्हणाला, "वळसा येतोय आता तिला. तीनदा गायलं तर एकदा येतो."

असो. या संक्रांतीला जायचंय ऐकायला.