कऱ्हाड सापडेना

आज दिवसभर एका अक्षरापाशी अडले होते. गावांच्या यादीत ‘कऱ्हाड’ डोळ्यांना दिसतंय, पण शोधायला टाइप केलं की निकाल शून्य! फ्रंटएंड, क्वेरी, इंडेक्स, सगळं जागच्या जागी. शेवटी दोन्ही शब्दांचे युनिकोड क्रमांक शेजारी शेजारी छापले, तेव्हा उलगडा झाला. यादीतला ‘ऱ’ एकसंध, ०९३१. टाइप केलेला मात्र र आणि नुक्ता असा जोडलेला, ०९३० नि ०९३सी. दिसायला जुळे, पण संगणकाच्या लेखी एकमेकांना अनोळखी. अशी वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं नॉर्मलाइझ जावास्क्रिप्टमध्ये २०१५पासून आहे, पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १३पासून. साठवताना आणि शोधताना, दोन्हीकडे त्यातलं एनएफसी, म्हणजे एकसंध रूप लावलं नि कऱ्हाड लगेच हाती लागलं.

हॅकेथॉनमध्ये हे कळलं नसतं. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनची सॉफ्टवेअरची अंतिम फेरी सलग ३६ तासांची. अशा ठिकाणी डेमोपुरता डेटा आपणच भरतो, आपल्याच कीबोर्डवरून. हॅकेथॉनच्या जागरणांनी मला वेग दिला, अनोळखी मुलांबरोबर काम वाटून घ्यायला शिकवलं. ते ऋण मी मानते. पण खरा डेटा नाना हातांनी, नाना कीबोर्डांवरून येतो.

मराठीत शोधणाऱ्याला रिकामं पान दिसलं, की त्याला वाटतं आपलंच टायपिंग चुकलं, आणि तो निमूट इंग्रजीकडे वळतो. याचा मला मनापासून राग येतो.

उद्या टेस्टमध्ये गोऱ्हे, तऱ्हा, दऱ्या घालायचेत. शिवाय र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे हे अदृश्य जोडचिन्ह असा तिसराही प्रकार आहे. एनएफसी त्याला हात लावत नाही; त्याच्यासाठी वेगळा नियम लिहावा लागेल.