फिल्म कुणाच्या हातची?

महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत एक्स-रेला अजून ‘फोटो’च म्हणतात. ‘डॉक्टरांनी छातीचा फोटो सांगितलाय,’ म्हणत एखादी आजी वाडीवरून महाडला उतरते, फोटो काढून घेते आणि मोठे पाकीट मांडीवर धरून बाकावर बसून राहते. फिल्म वाचणारा डॉक्टर तिला आत बोलावून सगळ्यात आधी विचारतो, ‘आजी, मागचा फोटो आणलाय का?’

फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसतो. तो दहा वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या टीबीचा वण आहे की गेल्या महिन्यात सुरू झालेला आजार, हे एकट्या फिल्मवरून सांगणे अवघड असते. जुनी फिल्म शेजारी लावली की पुष्कळदा तिथल्या तिथे उलगडा होतो. डाग तेवढाच असेल तर बरीचशी काळजी मिटते, वाढला असेल तर थुंकीच्या तपासणीला एक दिवसही थांबायचे नसते. पण जुनी फिल्म घरात असते आणि कधी घरच जाते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीयेच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी सावित्रीच्या पुरात खाली महाड शहर बुडाले होते. अशा वेळी माणसांच्या दुःखापुढे कागदांचे काय, असे वाटणे साहजिक आहे. पण जे वाचले त्यांना पुढे जगायचे असते, आजारीही पडायचे असते. रेशनकार्डाची दुसरी प्रत कचेरीतून मिळते. ट्रंकेत ठेवलेली दहा वर्षांपूर्वीची फिल्म गेली की ती कुणीच परत काढून देऊ शकत नाही.

फिल्म वाचण्याच्या विद्येत रोग फार उशिरा येतो. आधी वाचायचा असतो तो फिल्म काढणारा हात. माणूस उभा होता की खाटेवर पडलेला? किरण पाठीकडून गेले की पुढून? पुढून गेले तर हृदय आहे त्याहून मोठे दिसते. श्वास पूर्ण भरला होता का? अर्धवट श्वासात निरोगी फुप्फुसाचा तळही न्यूमोनियासारखा धूसर दिसतो. खांदे पुढे घेतले नसतील तर खवाट्याचे हाड फुप्फुसावर सावली टाकते आणि नवशिक्या त्या सावलीला आजार समजतो. वर्षानुवर्षे वाचणाऱ्याला तर फिल्म कुठून आली हेही पाकीट न बघता कळते. एका ठिकाणची फिल्म नेहमी जरा जास्त काळी येते, दुसरीकडे डाव्या-उजव्याचे शिशाचे अक्षर कायम तिरके लागते, तिसरीकडे रोगी हमखास थोडा वळलेला असतो. ही ओळख मिरवण्यासाठी नसते. हाताची खूण ओळखायची ती वजा करण्यासाठी. वजाबाकी झाल्यावर जे उरते ते रोग्याचे.

चित्राच्या किंवा लेखनाच्या कर्त्याचा शोध घेणाऱ्यांची विद्या अगदी हीच आहे, फक्त तिथे हिशेब उलटा चालतो: हात वजा करायचा नसतो, तोच शोधायचा असतो. एकोणिसाव्या शतकात इटलीच्या जोव्हान्नी मोरेल्लीने चित्रांचे खरे चित्रकार ओळखण्याची एक पद्धत काढली. त्याचे मूळ शिक्षण वैद्यकाचे. तो म्हणे, चेहऱ्यावरचे भाव पाहू नका, ते शिष्यही गुरूसारखे काढतो; कानाची पाळी आणि बोटांची नखे पाहा, कारण तिथे हात बेसावध असतो. पुढे १९६४ मध्ये फ्रेडरिक मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस यांनी हाच विचार शब्दांना लावला. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ लेखांपैकी बारा हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा जुना वाद होता. मॉस्टेलर आणि वॉलेस यांनी राजकीय मते बाजूला ठेवली आणि उभयान्वयी, शब्दयोगी अव्यये असले किरकोळ शब्द मोजले. निकाल मॅडिसनच्या बाजूने लागला. मराठीतही कुणी सहज ‘व’ लिहितो, कुणी ‘आणि’. लिहिणाऱ्याचे तिकडे लक्षही नसते.

आता फिल्म वाचणाऱ्या यंत्राकडे, म्हणजे एआयकडे येऊ. २०१८ मध्ये जॉन झेक आणि सहकाऱ्यांनी ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा, इतका तो मोलाचा आहे. त्यांनी अमेरिकेतल्या तीन संस्थांचे मिळून दीड लाखाहून अधिक छातीचे एक्स-रे घेतले आणि न्यूमोनिया ओळखायला शिकवलेली प्रणाली तपासली. जिथल्या फिल्मांवर ती शिकली होती, तिथे ती हुशार ठरली. परक्या रुग्णालयाच्या फिल्मांवर बऱ्याचदा घसरली. कारण शोधताना दिसले, की फिल्म कुठल्या रुग्णालयाची हे अशी प्रणाली जवळजवळ शंभर टक्के अचूक सांगू शकते. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या फिल्मांत न्यूमोनियाचे प्रमाण ३४ टक्के होते आणि दुसऱ्या संस्थेच्या फिल्मांत जेमतेम एक टक्का. मग फुप्फुस बघायची गरजच काय? फिल्म कुठली एवढे ओळखले की निम्मे उत्तर हाती. टेक्निशियनने कोपऱ्यात ठेवलेल्या धातूच्या खुणेचाही यंत्राला उपयोग झाला होता. कोविडच्या काळात वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांना तोच दोष पुन्हा आढळला: फिल्मवरची अक्षरे, खांद्यांची ठेवण यांवरून यंत्र कोविड ‘ओळखत’ होते.

म्हणजे यंत्र मोरेल्लीचे काम करत होते. त्याने हात अचूक ओळखला, पण तो वजा केला नाही. त्या हातालाच त्याने रोग म्हटले.

ही चूक फक्त यंत्राची नव्हे, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘सुधारक’ पत्रात शिवरामपंत भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने लेख लिहून मोठी खळबळ उडवली होती. त्यांचे म्हणणे, ज्ञानेश्वरी लिहिणारा ज्ञानदेव वेगळा आणि अभंगकर्ता वेगळा. ज्ञानेश्वरीत विठ्ठल नाही, अभंगांत तो पदोपदी आहे. ओवीची भाषा जुनी, अभंगांची पुष्कळ नवी. भिंगारकरबुवांनी त्यांना जोरदार उत्तर दिले आणि आज बहुतेक अभ्यासक एकच ज्ञानेश्वर मानतात. भारद्यांची निरीक्षणे मात्र उडवून लावण्याजोगी नव्हती. भाषेतला फरक खरोखरच आहे. प्रश्न आहे तो फरक कुणाचा, हा. ज्ञानेश्वरी पोथीत राहिली आणि १५८४ मध्ये एकनाथांनी प्रती जुळवून तिचा पाठ शुद्ध केला. अभंग मात्र वारीच्या वाटेवर आणि कीर्तनात पिढ्यानपिढ्या गळ्यांतून आले. प्रत्येक गळ्याने आपल्या काळाचे प्रत्यय, आपली उच्चारणी त्यांत मिसळली. भाषेच्या नवेपणाचा बराचसा भाग हा गाणाऱ्यांचा आणि उतरवून घेणाऱ्यांचा आहे. तो वजा न करता कर्ता ठरवायला गेले, की एकाचे दोन होतात.

फिल्म वाचणाऱ्याने ही गोष्ट मनावर कोरून ठेवावी. दिसणारा फरक खरा असतो, पण तो कुठल्या टप्प्यावर आत शिरला हे ठरवल्याशिवाय निदान होत नाही.

इतके सांगूनही या यंत्रांचा तिरस्कार करणे चुकीचे ठरेल. डोंगराळ तालुक्यात पूर्णवेळ रेडिओलॉजिस्ट मिळणे कठीण असते, आणि वाचणारा नाही म्हणून पाकिटात पडून राहिलेली फिल्म कुणाचाच जीव वाचवत नाही. क्षयरोगाच्या चाळणीसाठी १५ वर्षांवरील व्यक्तींच्या फिल्मा माणसाऐवजी यंत्राने वाचल्या तरी चालतील, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले. मुंबईत २०१६ मध्ये सुरू झालेल्या क्युअर डॉट एआय या कंपनीची छातीच्या फिल्मा वाचणारी प्रणाली जगभर वापरात आहे. मेंदूच्या सीटी स्कॅनमधला रक्तस्राव ओळखण्याचे तिचे काम २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. ढाक्यातल्या तीन केंद्रांत २३,९५४ लोकांच्या फिल्मांवर पाच प्रणाल्या तपासल्या गेल्या, तेव्हा त्या पाचही तिथल्या रेडिओलॉजिस्टांपेक्षा सरस ठरल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष मोठ्या मनाने मान्य करायला हवा.

पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे आणि ती थेट आपल्या वाड्यांना लागू पडते. वयस्कर माणसे आणि पूर्वी टीबी होऊन गेलेली माणसे यांच्या बाबतीत यंत्रांची अचूकता कमी पडली. आता तळीयेसारख्या एखाद्या वाडीत गणपती आणि शिमगा सोडून कधीही जाऊन पाहा. कमावती पोरे मुंबईला, घरात म्हातारी माणसे. त्यांतले कित्येक स्वतः तरुणपणी मुंबईत चाकरीला होते, दाटीच्या खोल्यांत राहिले, आणि काहीजण खोकला घेऊन गावी परतले. ज्यांच्या छातीवर जुने वण असण्याची शक्यता सर्वांत जास्त, तेच गावात उरले आहेत. यंत्र जिथे कच्चे, नेमकी तीच वस्ती. त्यात बहुतेक यंत्रे एकच फिल्म पाहून रोगाच्या शक्यतेचा आकडा देतात. ‘आजी, मागचा फोटो?’ हा प्रश्न त्यांना सुचत नाही.

मग यंत्राने मसुदा लिहिला तर रिपोर्ट कुणाचा? उत्तरासाठी लांब जायला नको, महाड तालुक्यातच शिवथरघळ आहे. तिथे समर्थ रामदास सांगत गेले आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतले, ही दासबोधाची परंपरा. अक्षर कल्याणाचे, ग्रंथ समर्थांचा, याबद्दल कुणाच्या मनात कधी गोंधळ झाला नाही. मसुदा कुणी उतरवला यावरून कर्ता ठरत नाही. त्या मजकुराबद्दल जबाब कोण देणार, यावरून ठरतो. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समितीही हेच मानते. तिने २०२३ मध्ये स्पष्ट केले, की एआयचे नाव लेखक म्हणून घालता येणार नाही, कारण ते मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही.

जबाबदारी घेणे म्हणजे काय, हे महाडने जवळून पाहिले आहे. १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने या भागात माणसे मरत होती. त्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, धाप यांच्या नोंदी केल्या. त्यातून १९८२ पासून ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे लेखन येत गेले आणि प्राझोसिन या साध्या गोळीने मृत्यू रोखता येतात हे जगाला कळले. पुढे त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचेही नाव कित्येक निबंधांवर आले. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली. त्या निबंधांवरचे नाव म्हणजे पाहिले कुणी, याचे उत्तर आहे.

यंत्राने लिहिलेल्या मसुद्यावर फिल्म न पाहता केलेली सही ही खोटी सही. आणि नुसते पाहणेही पुरत नाही. जर्मनीत २७ रेडिओलॉजिस्टांना मॅमोग्राम वाचायला देऊन सोबत एआयचा अंदाज दाखवला गेला. तो अंदाज मुद्दाम चुकीचा ठेवला तेव्हा अत्यंत अनुभवी मंडळींची अचूकताही ८२ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांच्या आसपास घसरली. २०२३ चा हा प्रयोग वाचल्यावर शहाण्या डॉक्टराने एकच क्रम पाळावा: आधी आपण फिल्म वाचायची, मत लिहायचे, मगच यंत्राचे उत्तर उघडायचे. दोन्ही जुळली नाहीत तर रोग्याला पुन्हा आत बोलवायचे.

आरोग्य खात्याकडे एक मागणी आहे. महाड-पोलादपूरच्या रुग्णालयांत असे यंत्र लावण्यापूर्वी त्याची परीक्षा इथल्याच फिल्मांवर घ्या. साठीपुढच्यांचा आणि टीबी होऊन गेलेल्यांचा निकाल वेगळा काढा. यंत्राने दिलेल्या किती आकड्याच्या पुढे थुंकी तपासायची, ती मर्यादा त्या निकालावरून ठरवा, कंपनीच्या माहितीपत्रकावरून नव्हे. निकाल मराठीत छापा आणि त्याखाली परीक्षा घेणाऱ्या डॉक्टरांची नावे घाला.