पालखेडहून रावेरखेडीला

थोरल्या बाजीरावाचं स्मरण करायचं म्हटलं की पुण्यातला माणूस शनिवारवाड्यासमोर जातो. घोड्यावर बसलेला पेशवा तिथे आहे, हार घालायला जागा आहे आणि भाषणाला मैदानही आहे. यात वावगं काही नाही. पण ज्या सेनापतीने पेशवेपदाची वीस वर्षं मुख्यतः पुण्याबाहेर, मोहिमांवर घालवली, त्याला शोधायला त्याच्या घराच्या दारात थांबणं अपुरं आहे. म्हणून मी नगरमार्गे वैजापूर गाठलं, तिथून पालखेड, मग कन्नडच्या घाटाने खानदेशात उतरून बऱ्हाणपूर, असीरगड, खंडवा आणि शेवटी नर्मदाकाठचं रावेरखेडी असा रस्ता धरला. एका टोकाला त्याचा सर्वांत मोठा विजय आणि दुसऱ्या टोकाला त्याची समाधी. या रस्त्याने जाताना एक गोष्ट पटत गेली. बाजीरावाच्या युद्धात तलवारीपेक्षा वाट, पाणी, चारा आणि वेळ यांचा वाटा मोठा होता. आपण मात्र लक्षात ठेवली ती तलवार.

पालखेड म्हटलं की बरेचजण नाशिककडच्या पालखेड धरणाचं नाव घेतात. लढाईचं पालखेड वैजापूर तालुक्यात, दौलताबादच्या पश्चिमेला आहे. कोपरगावला गोदावरी मागे टाकून वैजापूरकडे निघालं की देशाचं रूप बदलतं. जमीन काळी, पण उंचसखल. ओढे पुष्कळ, पण उन्हाळ्यात त्यात वाळू आणि गोटेच. एप्रिलमध्ये शेतं मोकळी झालेली असतात, बांधाकडेला पऱ्हाट्यांचे ढीग असतात, कांदा चाळीत गेलेला असतो, आणि तालुक्यातल्या वस्त्यांना पाणी देणारे टँकर रस्त्यावर भेटतात. या माळावर उभं राहिलं की 25 फेब्रुवारी 1728 ला निजामुल्मुल्कावर काय वेळ आली असेल ते पुस्तकापेक्षा लवकर कळतं. मोठी फौज, हत्ती, बैल, बाजारबुणगे, आणि आजूबाजूला मराठ्यांचं घोडदळ. पाण्याची वाट तुटली, दाण्याची तुटली, बातमीही तुटली. इथे गाजलेली हातघाई झालीच नाही. निजाम लढाईत हरण्याआधी तहानेने अडला आणि 6 मार्चला मुंगी-शेवगावला तह झाला. दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीवरचा शाहूंचा हक्क त्याला मान्य करावा लागला आणि कोल्हापूरच्या संभाजीराजांची बाजू सोडावी लागली.

मात्र पालखेडचा विजय पालखेडला मिळालेला नाही, तो त्याआधीच्या चार-पाच महिन्यांत मिळाला आहे. 1727 च्या पावसाळ्यानंतर बाजीराव पुण्याहून निघाला तो जालना, सिंदखेड या निजामाच्या मुलखावर. तिथून वऱ्हाडात माहूर, मंगरूळ, वाशीम. मग एकदम पश्चिमेला वळून खानदेश, कुकरमुंड्याला तापी ओलांडून गुजरात, आणि जानेवारीत छोटा उदेपूरच्या बाजूला. मधल्या काळात निजामाने पुण्यावर चाल केली, पुणं घेतलं, संभाजीराजांना छत्रपती म्हणून पुढे केलं. आपली राहती जागा शत्रूच्या हातात पडलेली असताना तिच्या रक्षणाला परत न धावणं, हा या मोहिमेतला सर्वांत अवघड निर्णय होता, आणि त्यात तलवारीचा संबंध नाही. बऱ्हाणपूरला धोका आहे असं निजामाला वाटायला लावून बाजीरावाने त्याला पुण्यातून बाहेर काढलं. फेब्रुवारीच्या मध्याला तो स्वतः बेटावदपाशी होता. त्याला गाठायच्या घाईत निजामाने जड तोफा मागे ठेवून गोदावरी ओलांडली. ज्या तोफखान्याच्या जोरावर तो मराठ्यांना उघड मैदानात भारी पडला असता, तोच नदीपलीकडे राहिला. ब्रिटिश फील्ड मार्शल मॉन्टगोमेरीने युद्धाच्या इतिहासावरच्या आपल्या ग्रंथात या मोहिमेची स्तुती केली, आणि आपल्याकडे ती स्तुती वारंवार सांगितली जाते. ती सांगताना त्याने स्तुती कशाची केली हे बहुधा गळून पडतं. ती हालचालीची होती.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो साधा नाही. हालचाल, रसद, नदीचे उतार हा लष्करी विद्यालयांचा अभ्यास झाला; सामान्य माणसाला वीर हवा असतो, नकाशा नको. एक्केचाळीस लढाया आणि एकही पराभव नाही, हे वाक्य शाळकरी मुलाच्या लक्षात राहतं. कुकरमुंड्याचा उतार राहत नाही. मला हे अर्धंच मान्य आहे. लोकस्मृतीला सोपं वाक्य लागतं हे खरं, पण हे सोपं वाक्य बाजीरावाला लहान करतं. लढाया मोजायच्या तर पालखेड कशात धरायचं? भोपाळ कशात? 1737 च्या डिसेंबरात त्याने निजामाला पुन्हा भोपाळपाशी कोंडलं. निजामाकडे या वेळी तोफा होत्या, त्यामुळे बाजीरावाने थेट हल्ल्याचा हट्ट धरला नाही, रसद तोडली आणि वाट पाहिली. 7 जानेवारी 1738 ला दुराईसराईचा तह झाला, माळवा आणि नर्मदा ते चंबळ हा मुलूख मराठ्यांचा मान्य झाला. त्याआधी, 1737 च्या मार्चमध्ये तो दिल्लीच्या वेशीपर्यंत गेला होता. बादशाही फौजांना वळसा घालून तो राजधानीपुढे उभा राहिला, आणि शहर न जाळता मागे फिरला. हाताशी आलेली दिल्ली का सोडली, याचं कारण त्याने चिमाजीअप्पांना पत्राने कळवलं होतं. दिल्ली जाळण्यात त्याला मसलतीचा फायदा दिसला नव्हता. थांबण्याची ही ताकद कोणत्या मोजणीत बसते? आणि मोजायचंच तर जंजिराही मोजावा लागेल. 1733 ला सिद्दीवर सुरू केलेल्या मोहिमेत रायगड परत मिळाला, जंजिरा मिळाला नाही. समुद्रातल्या किल्ल्यापुढे घोडदळाचा वेग कामाचा नव्हता. हे सांगितल्याने बाजीराव कमी होत नाही, त्याचं शास्त्र कुठे चालत होतं आणि कुठे नाही ते स्पष्ट होतं.

कन्नडचा घाट उतरला की खानदेशाचं सपाट मैदान लागतं. चाळीसगावहून पुढे गिरणेचं खोरं, मग रावेरकडच्या केळीच्या बागा, आणि बऱ्हाणपूरला तापी. दक्षिणेत उतरणाऱ्या प्रत्येक बादशाही फौजेला बऱ्हाणपूर हा मुक्काम आणि असीरगड हा पहारा होता. आज हमरस्ता असीरगडाच्या पायथ्याने सातपुड्याच्या फटीतून खंडव्याकडे जातो. ती फट गाडीच्या काचेतून पाहिली तरी कळतं की उत्तर आणि दक्षिण यांच्यामध्ये वाटा मोजक्याच आहेत, आणि ज्याला त्या सगळ्या ठाऊक त्याला संख्येची फारशी भीती नाही. बाजीरावाच्या माणसांना त्या ठाऊक होत्या. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, पवार ही तरुण माणसं त्याने उभी केली, त्यांच्यावर स्वतंत्र मोहिमा सोपवल्या. इंदूर, ग्वाल्हेर, धार ही संस्थानं त्या विश्वासातून निघाली. एकट्या घोडेस्वाराचा पुतळा ही गोष्ट सांगू शकत नाही, कारण त्यात तो एकटा आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. हलकी फौज, मागे तोफा नाहीत, मोठा बाजार नाही, हे कौतुकाने सांगताना ती फौज खात काय होती? घोड्यांचा चारा आणि माणसांचा दाणा वाटेवरच्या गावांतून येत होता. जालना, सिंदखेड, माहूर ही नुसती नकाशावरची टिंबं नव्हती, तिथे कुणब्यांची शेतं होती, आणि चौथाईची वसुली म्हणजे त्यांच्यावर पडलेला आणखी एक बोजा होता. मग या पद्धतीचं स्मरण म्हणजे लुटीचं स्मरण नाही का? माझं उत्तर असं की पद्धत लक्षात ठेवली तरच हा प्रश्न विचारता येतो. पुतळ्याला चारा लागत नाही, त्यामुळे पुतळ्यापुढे तो सुचत नाही. मोहिमेचा रस्ता पाहिला की प्रत्येक मुक्कामाला कोणीतरी किंमत मोजलेली दिसते. पेशव्यालाही ती चुकली नाही. बाजीराव आयुष्यभर कर्जात होता, सावकारांच्या तगाद्याचा उल्लेख त्याच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत येतो. आणि 1 एप्रिल 1731 ला डभईजवळ बाजीरावाशी लढताना सेनापती त्रिंबकराव दाभाडे पडले ती लढाई मराठ्यांची मराठ्यांशी होती. आदर करायचा तर या सगळ्यासह करावा. ज्या माणसाची एवढी बाजू झाकावी लागते त्याच्याबद्दल आपल्याला खरा आदर आहे की नुसता अभिमान, याचा विचार व्हायला हवा.

मस्तानीचं नाव मी इथवर घेतलं नाही ते मुद्दाम. तिच्यावर आणि त्याच्यावर जे झालं ते दुःखद होतं आणि त्यावर लिहिण्याचा हक्क सगळ्यांना आहे. पण आज बाहेरच्या माणसाला बाजीराव माहीत असतो तो 2015 च्या सिनेमातून, आणि रावेरखेडीचा मृत्यू त्याला विरहाचा शेवट म्हणून ठाऊक असतो. कागद काही वेगळंच सांगतात. 1740 च्या आरंभी निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी गोदावरीकाठी लढाई झाली, फेब्रुवारीअखेर मुंगी-पैठणला तह झाला, आणि हंडिया व खरगोण हे प्रांत बाजीरावाला जहागीर म्हणून मिळाले. त्या मुलखाची व्यवस्था लावायला तो नर्मदेकडे आला. रावेरखेडी आज खरगोण जिल्ह्यातच आहे. तिथे ज्वर आला आणि 28 एप्रिल 1740 ला तो गेला. वय चाळिशीच्या आत, पेशवेपदाला वीस वर्षं. मनाचं दुःख असेलही, पण तो तिथे कामावर होता.

खंडव्याहून सनावद आणि सनावदहून बेडियाकडे वळलं की निमाडचा मिरचीचा मुलूख लागतो. बेडियाचा मिरचीबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. तिथून नर्मदेच्या बाजूला गेलं की रावेरखेडी. समाधी धर्मशाळेच्या भिंतींच्या आत आहे. नानासाहेब पेशव्यांच्या आज्ञेवरून राणोजी शिंद्यांनी ती बांधवली असं सांगतात. दगडी छत्री, भोवती ओवऱ्या, जवळ नीलकंठेश्वर आणि रामेश्वर, आणि काठाखाली नर्मदा. भव्य असं काही नाही. ज्याने छत्री बांधवली त्या राणोजींच्या मुलाची, महादजींची, छत्री पुण्यात वानवडीला आहे आणि ती कितीतरी श्रीमंत दिसते. रावेरखेडीचा साधेपणा पाहून अनेकांना राग येतो, पेशव्याची ही उपेक्षा असं ते म्हणतात. महेश्वर प्रकल्पाच्या पाण्यात ही जागा जाईल अशी भीती निर्माण झाली तेव्हा तो राग योग्य होता. वास्तू टिकलीच पाहिजे, तिची डागडुजी झाली पाहिजे. पण तिच्यावर आणखी काही चढवण्याची गरज मला वाटत नाही. ज्याचं आयुष्य नर्मदा उतरण्यात आणि पुन्हा ओलांडण्यात गेलं, त्याची समाधी माळव्याच्या वाटेवर, नदीच्या काठाला, पलटणीच्या मुक्कामासारखी आहे. हे बरोबर आहे. तिसरा आक्षेप इथे कोणी घेईल, की मग करायचं तरी काय, दगड जपायचे आणि गप्प बसायचं? नाही. इथे दगडांपेक्षा माहिती कमी पडते. आलेल्या माणसाला हा गृहस्थ इथे का आला होता, कोणत्या वाटेने आला होता, पलीकडे कोणता मुलूख होता, हे मराठीत आणि हिंदीत उभ्याउभ्या वाचता आलं पाहिजे. पालखेडच्या माळावर 1727-28 च्या मोहिमेचा मोठा नकाशा हवा, त्यात तोफा कुठे राहिल्या आणि पाणी कुठे होतं हे दाखवलेलं हवं. बेटावदला आणि मुंगीलाही तसाच हवा. या चार ठिकाणांना मिळून खर्च एका नव्या पुतळ्याएवढाही येणार नाही.

तोवर वाचकाने एवढं करावं. रावेरखेडीला जायचं ठरवलंत तर थेट इंदूरहून जाऊ नका. आधी वैजापूरला उतरा, पालखेडच्या माळावर थोडं चाला, मग घाट, तापी आणि असीरगड ओलांडून नर्मदेवर या. शक्यतो एप्रिलमध्ये जा आणि सोबत मोहिमेचा नकाशा ठेवा. मुलं बरोबर असतील तर त्यांना किती लढाया जिंकल्या हे विचारू नका, निजामाने तोफा मागे का ठेवल्या ते विचारा.