हसलेला अनारसा

बेळगावच्या घरात त्या दिवाळीला सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. तरी फराळाचे नऊ जिन्नस व्हायलाच हवेत, हा माझा हट्ट. नाहीतर लोक काय म्हणतील? तीन दिवस तांदूळ भिजवले, रोज पाणी बदललं, गूळ घालून पीठ मुरवलं. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री पहिलाच अनारसा तुपात हसला. मी मात्र रडले. शेजारच्या कानडी अक्कांकडे तेव्हा पाणी भरायचा सण. हंडा अर्धाच टाकून त्या धावत आल्या. ‘इरली बिडरी, वैनी,’ म्हणत त्यांनी हातातला झारा घेतला. आतून सासूबाईंची हाक आली, ‘राहू दे गं ते. जरा जवळ बस.’ बसले. ती त्यांची शेवटची दिवाळी. आता चकली-चिवडा तेवढा घरी करते. अनारसे विकत आणते, आणि घरच्यांजवळ बसते.