थांबलेला काटा

गेल्या वर्षी गणपती बसले त्याच आठवड्यात माझ्या वजनानेही बैठक मारली, आणि गणपती उठून गेले तरी ते काही जागचे हलले नाही.

आमचा वजनकाटा पलंगाखाली असतो. पहाटे उठून मी तो पायाने पुढे ओढतो. चष्म्याचे वजन आपल्या नावावर पडू नये म्हणून चष्मा काढून ठेवतो, आणि मग चष्म्यावाचून आकडा दिसत नाही म्हणून सौभाग्यवतीला हाक मारतो. पहिल्या महिन्यात ती हाकेसरशी येई, वाकून आकडा वाची, कौतुकही करी. पुढे आकडा एक्क्याऐंशीवर थांबला आणि सात आठवडे तिथेच राहिला. एके दिवशी मी काट्यावर उभा राहून हाक मारली, तर ती स्वयंपाकघरातूनच, पोळी उलटता उलटता, 'एक्क्याऐंशी!' असे ओरडली. बरोबर होते.

वस्तुतः माझ्या प्रयत्नांत कसूर नव्हती. पस्तीस वर्षे बँकेत बसून काढल्यावर निवृत्तीच्या वेळी माझे वजन अठ्ठ्याऐंशी किलो होते. रक्तातली साखर सीमेवर उभी होती आणि उजवा गुडघा कुरकुरत होता. डॉक्टर म्हणाले, दहा किलो उतरवा. त्या दिवसापासून साखरेचा चहा बंद झाला, रात्रीचे जेवण सातच्या आत आले आणि रोज सकाळी पर्वती सुरू झाली. पुण्यात हल्ली या बाबतीत दोन पंथ आहेत. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे अनुयायी दिवसातून दोनदाच जेवतात आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत आटोपतात. ऋजुता दिवेकरांचे वाचक थोडे थोडे, दोन-तीन तासांनी खातात आणि तुपाला भीत नाहीत. मी कोणत्याच पंथाची दीक्षा घेतली नाही. दोन्हींतले सोयीचे तेवढे घेतले. तरी पहिल्या महिन्यात चार किलो गेले. पुढच्या दोन महिन्यांत तीन. मी विजारी शिंप्याकडे टाकल्या. आणि मग हे असे झाले.

सहाव्या आठवड्यात सौभाग्यवतीने विचारले, "बाहेर काही खाता का हो?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. चोराने आपणहून कबूल करावे म्हणून फौजदार ज्या मायेने बोलतो, ती माया होती. मी चिडलो, जेवणावरून उठलो (ताटात फारसे काही उरले नव्हते, हेही सांगितले पाहिजे), आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तिथे एकाएकी आठवले की हे वाक्य मी पूर्वी ऐकले आहे. ऐकले कशाला, मीच म्हटले होते. ताईला.

ती गोष्ट 1979 सालची. मी दहावीत होतो आणि ताई चोवीस वर्षांची. तिला पाहायला लोक येत, पोहे खात, आणि नंतर कुणातरी मध्यस्थाकडून निरोप येई की मुलगी चांगली आहे, पण अंगाने जरा... ते वाक्य कधी कुणी पुरे करीत नसे. मग आत्याने ताईला हाती घेतले. ताईचे रात्रीचे जेवण बंद झाले, भात बंद झाला. पहाटे अंधारात ती एकटी पर्वतीच्या पायऱ्या चढून येई. रविवारी आत्या तिला पुणे स्टेशनावर नेई. तिथे त्या वेळी नाणे टाकायचे यंत्र असे. त्यातून खट् करून एक तिकीट बाहेर पडे, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. भाद्रपदापर्यंत वजन खाली येत गेले. त्यानंतर दर रविवारी भविष्य निराळे आणि वजन तेच.

घरात कुजबुज सुरू झाली. ताई खाते, लपून खाते. मला तर पुरावाच सापडला होता: ती दुपारी पडून कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' वाची. कादंबरी वाचावी तसे, पानामागून पान. ज्या बाईला खायचे नाही ती पाककृती कशाला वाचील, हा माझा युक्तिवाद. दिवाळीत मी आणखी पुढे गेलो. वसुबारसेला बेसनाचे लाडू डब्यात भरले तेव्हा मोजून ठेवले आणि नरकचतुर्दशीला फराळाच्या वेळी पुन्हा मोजले. पाहुणे बसले होते. मी डबा घेऊन बाहेर आलो आणि जाहीर केले, "दोन कमी आहेत. ताई, बाहेर काही खातेस ते खातेस, आता घरातलेही?"

सगळे हसले. ताई उठून आत गेली. त्या वर्षी तिने फराळाला हात लावला नाही. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले, साताऱ्याला गेली, सुखात राहिली. पण त्या लाडवांचा विषय आमच्या दोघांत पुन्हा कधी निघाला नाही.

ताईची मुलगी एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. गॅलरीतून आत येऊन मी तिलाच फोन लावला. ती म्हणाली, "मामा, पहिले चार किलो म्हणजे सगळी चरबी नव्हतीच. शरीर थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं, आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी केलं की आधी तो साठा मोडतो आणि पाणी निघून जातं." म्हणजे ज्या चार किलोंच्या बातम्या मी आप्तेष्टांना कळवल्या, त्यात बरेचसे पाणीच होते! "शिवाय," ती पुढे म्हणाली, "सात किलो हलक्या माणसाला पर्वती चढायलाही कमी ताकद लागते. पूर्वी ज्या जेवणात तुमचं वजन घटत होतं, त्यातच आता तुमचं भागतं. आणि शरीर याच्याही पलीकडे जाऊन काटकसर करतं, ती निराळीच."

या काटकसरीचे कारण तिने सांगितले ते मला फार मनोरंजक वाटले. चरबीच्या पेशी रक्तात लेप्टिन नावाचे द्रव्य सोडतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने 1994 साली त्याचा शोध लावला. कोठीत माल किती शिल्लक आहे, हे मेंदूला त्यावरून कळते. चरबी घटली की लेप्टिन घटते; मग मेंदू भूक वाढवतो आणि खर्चाला आवर घालतो.

हे ऐकताना मला आई दिसू लागली. 1972 च्या दुष्काळात वडिलांचा पगार काही महिने निम्म्यावर आला होता. रेशनवर लाल मिलो मिळे, त्याच्या भाकऱ्या. आईने कुणाला उपाशी ठेवले नाही आणि कुणाकडे उसनेही मागितले नाही. तिने मागल्या खोलीतला दिवा काढला, इस्त्री बंद केली, दुधात पाणी घातले, आणि हे सारे इतके हळूहळू की आम्हां मुलांना पत्ता लागला नाही. पगार पूर्ववत झाला तेव्हाही तिने हात लगेच सैल सोडला नाही. आधी डबे भरले. माझ्या शरीरातही अशीच कुणीतरी पदर खोचून उभी होती तर! मी पगार कापला होता, तिने दिवे मालवले होते. पर्वतीवरून आल्यावर मी दुपारपर्यंत आरामखुर्चीतून हलत नसे. दारावरची घंटा वाजली की पूर्वी मीच उठत असे. आता 'अगं, बघ गं' म्हणू लागलो होतो. सकाळी पायऱ्यांवर केलेला खर्च मी दिवसभरात असा परत वसूल करीत होतो, आणि मला वाटत होते की हा निवृत्तीचा आळस.

मग भाचीने मिनेसोटाचा प्रयोग सांगितला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 साली, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. शस्त्र धरणे मनाला पटत नाही म्हणून युद्धावर न गेलेले हे तरुण स्वखुशीने आले होते. रोज सुमारे 1570 कॅलरी, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या खाण्याच्या जवळजवळ निम्मे. वर आठवड्याला बावीस मैल चालणे. वजन आधी भराभर उतरले, मग उतरण मंदावत गेली. त्यांना उन्हाळ्यातही थंडी वाजे. स्वस्थ पडून असताना शरीर जेवढे जाळते, ते चाळीस टक्क्यांच्या आसपास घटले. "आणि मामा," भाची हसत म्हणाली, "ही तरणीताठी मुलं दिवसभर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची!"

मी हसलो नाही.

इथे ही हकिकत संपली असती तर मी निर्दोष आणि ताईही निर्दोष ठरली असती. पण जन्मभर हिशेब केलेल्या माणसाला खतावणी तपासल्याशिवाय चैन पडत नाही. मी एक वही केली आणि तोंडात जाईल ते लिहू लागलो. चौथ्या दिवशी वही वाचली आणि खजील झालो. कूट करण्याआधी भाजलेल्या शेंगदाण्यांची मूठ. नातवाने अर्धवट टाकलेली पोळी, गूळतुपासह. शेजारचा प्रसाद; तो नाकारणे पाप. पातेल्याला लागलेली खीर. ती टाकणेही पापच. 1992 साली न्यूयॉर्कमध्ये अशाच काही 'कमी खाऊनही वजन न घटणाऱ्या' माणसांचे खाणे शास्त्रीय पद्धतीने मोजले गेले, तेव्हा ते सांगत होते त्याच्या जवळजवळ दुप्पट निघाले. त्यांनी सांगितले ते मनापासून खरे समजूनच सांगितले होते. मला त्यांच्याविषयी फार आपुलकी वाटली.

त्याबरोबर एक दुष्ट विचारही आला, तो लपवीत नाही: म्हणजे 1979 साली माझे बरोबरच होते की काय?

भाऊबीजेला साताऱ्याला गेलो. ओवाळून झाले. तबक अजून ताईच्या हातात होते, तेव्हा मी म्हटले, "ताई, तुझी माफी मागायची आहे. लाडवांची." आणि मग लेप्टिन, मिनेसोटा, आईने मालवलेला दिवा, सगळे एका दमात सांगून टाकले. ती शांतपणे ऐकत होती. सत्तरीला टेकलेली माझी ताई, अंगाने जरा...

"असेल बाबा ते सगळं खरं," ती म्हणाली, "पण लाडू मीच खाल्ले होते. धनत्रयोदशीच्या रात्री, अंधारात, डब्याशी उभी राहून. दोन महिने पोटात नुसता खड्डा होता रे. आणि दोन नव्हे, तीन. तुला तेव्हाही मोजता येत नव्हतं, बँकेत कसा निभावलास देव जाणे." तिने तबक खाली ठेवले. "खाल्ल्याचं मला कधी काही वाटलं नाही. तू पाहुण्यांसमोर म्हणालास, ते लागलं होतं."

मला काही बोलता आले नाही. तिने ताटे वाढली.

जेवणानंतर मी वही काढली आणि इतर गोष्टींखाली लिहिले: बेसनाचा लाडू, एक. ताई मागून वाचत होती.

"दीड," ती म्हणाली. "नातवाच्या ताटातला अर्धा धरला नाहीस."