पुनर्वाचन : एका खेळाचे

पुनर्वाचनात संहिता तीच राहते, वाचक बदलतो, असे मी वर्गात अनेक वर्षे सांगत आले आहे. या विधानाची खरी प्रचीती मात्र मला एखाद्या ग्रंथाने नव्हे, तर एका व्हिडिओ गेमने दिली.

डिसेंबर २०२१ मध्ये ‘स्पायडर-मॅन : नो वे होम’ हा चित्रपट पाहिला आणि आवडला. टोबी मॅग्वायर हा अभिनेता त्यात २००७ नंतर प्रथमच पीटर पार्कर म्हणून अवतरतो. त्याची पाठ आखडलेली असते आणि अँड्र्यू गारफिल्डने रंगवलेला पीटर ती मोकळी करून देतो. अतिमानवी नायकालाही वय चुकत नाही, हे पाहून चाळिशी ओलांडलेल्या मला आपलेपणा वाटला. त्याच ओढीने माळ्यावरून धाकट्या भावाचे प्लेस्टेशन २ काढले आणि २००४ चा ‘स्पायडर-मॅन २’ हा खेळ लावला.

सॅम रायमी यांच्या त्याच नावाच्या चित्रपटावरून ट्रेयार्कने तो तयार केला होता. त्यातील मॅनहॅटनमध्ये खेळणाऱ्यास मुक्तपणे हिंडता येते. नायकाचा धागा आकाशात अधांतरी चिकटत नाही. त्याला खरोखरीची इमारत लागते. आज ते शहर पुसट आणि ओसाड भासले. झोका मात्र तोच, आणि उंचावर धागा सोडताना पोटात येणारा गोळाही तोच.

मुख्य कथानकाभोवती येथे किरकोळ कामांची गर्दी आहे. मुलाचा सुटलेला फुगा आणून द्यायचा, पिझ्झा वेळेत पोचवायचा. प्रकरण पुढे सरकण्यासाठी काही गुण मिळवावे लागतात. तेवढ्यापुरती कामे उरकून मी डॉक्टर ऑक्टोपसकडे धाव घेई. भाऊ मात्र मूल दिसले की वाट वाकडी करी. ‘ताई, फुगा गेला बघ,’ असे तो म्हणे आणि मी हसे.

त्या वर्षी माझा प्रबंध चालू होता आणि आई अंथरुणाला खिळली होती. औषधे आणणे, विजेचे बिल भरणे, रात्री उठून तिला पाणी देणे, हे सारे भावाने केले. माझ्या लेखी मुख्य कथानक एकच होते. ऋणनिर्देशात मार्गदर्शकांना एक परिच्छेद मिळाला. भावाला अर्धे वाक्य.

चित्रपट नायकाचा त्याग दाखवतो आणि प्रेक्षक गहिवरतो. खेळ मात्र फुग्यामागे जायचे की नाही, हे आपल्यावर सोपवतो. म्हणूनच न गेल्याची जबाबदारीही आपलीच उरते. चित्रपटातला पीटर वयाने वाढला होता, खेळातला जसाच्या तसा होता. वय वाढले होते ते माझे. बोटांत पूर्वीची चपळाई नव्हती. तीनदा चुकून चौथ्यांदा फुगा हाती आला.

रात्री भावाला फोन केला. बोलायचे होते ऋणनिर्देशाविषयी, बोलले फुग्याविषयी. तो हसला आणि म्हणाला, ‘मुख्य गोष्ट कुठवर आली?’

‘पहिल्याच प्रकरणात आहे अजून,’ मी म्हटले.